लेबर रूमच्या बंद दारामागे

या विषयावर लिहावे की नाही, या विचारात दोन महिने गेले. विषय घरातला आहे. माझ्या सख्ख्या भावाची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. एका सरकारी रुग्णालयात तिच्यावर जे गुदरले, ते मला सांगायचे आहे. ‘आत्या, लिही, पण माझं नाव नको,’ असे ती म्हणाली, म्हणून लिहिते. रुग्णालयाचे नावही देत नाही. एक तर तक्रार दाखल आहे आणि चौकशी व्हायची आहे. दुसरे असे की, नाव दिले की वाचक म्हणतील, ‘ते रुग्णालय वाईटच आहे.’ माझे म्हणणे एका रुग्णालयापुरते नाही.

भाची तेवीस वर्षांची, बी.ए. झालेली. जावई टेम्पो चालवतात. नऊ महिने तिने सगळे नियमाने केले होते. दर महिन्याची तपासणी, लोहाच्या गोळ्या, इंजेक्शने, सोनोग्राफी, सगळे कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट लावून ठेवलेले. शनिवारी संध्याकाळी कळा सुरू झाल्या. वहिनी तिला रिक्षातून घेऊन गेली. केसपेपरच्या खिडकीवर नाव, गाव, वय विचारले आणि मग विचारले, ‘कॅटेगरी?’

हा प्रश्न बेकायदा नाही, हे आधी सांगते. २००५ पासून जननी सुरक्षा योजना आहे. आपल्या राज्यात तिचे पैसे दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बायकांना मिळतात, शहरात सहाशे आणि खेड्यात सातशे रुपये. त्यासाठी जात लिहावी लागते. पण सहाशे रुपयांसाठी लिहिलेली ती जात केसपेपराबरोबर खिडकीपासून लेबर रूमपर्यंत फिरते. ज्याच्या हातात कागद, त्याला ती दिसते. लाभासाठी लिहिलेली जात आणि वागणुकीसाठी वाचलेली जात, कागद एकच.

लेबर रूमच्या दारात वहिनीला थांबवले. ‘नातेवाईक बाहेर.’ दार लागले. ही साडेअकराची गोष्ट. मी पोचले तेव्हा साडेबारा झाले होते. वहिनी फरशीवर बसली होती, बाहेर एकही बाकडे नव्हते. आतून भाचीचा आवाज येत होता आणि त्याच्यावर चढलेला आणखी एक आवाज. नवऱ्याविषयी आणि कळांविषयी लेबर रूममध्ये बाईला जे वाक्य ऐकवले जाते, ते या पानावर छापण्याजोगे नाही. महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयात बाळंत झालेल्या बायकांना विचारा, बहुतेकींना ते पाठ असते. वाक्यानंतर फटक्याचा आवाज आला. मांडीवर मारले होते, हे नंतर कळले.

आता माझी स्वतःची एक गोष्ट कबूल करते. मी दार वाजवले आणि बार कौन्सिलचे ओळखपत्र दाखवले. दार उघडले, मला खुर्ची मिळाली, पाच मिनिटे आतही जाऊ दिले. आत तीन टेबले होती, बायका पाच. दोघी एका खाटेवर उलटसुलट निजलेल्या. मध्ये पडदा नाही. रात्रपाळीला एक सिस्टर, एक शिकाऊ मुलगी, आणि बोलावले की येणारी एक डॉक्टर. कोपऱ्यातल्या खाटेवर ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई होती. तिच्याबरोबरची माणसे फडावर परत गेली होती, तिच्यासाठी बाहेर कोणीच नव्हते. ती ओरडतही नव्हती. खाटेचा गज धरून होती. मी माझ्या भाचीच्या डोक्यावरून हात फिरवला, पाणी पाजले आणि बाहेर आले. त्या बाईसाठी मी काही बोलले नाही. माझ्या कार्डावर जेवढी जागा मिळाली, तेवढी मी माझ्या घरासाठी वापरली. ते अजून मनाला लागून आहे.

पहाटे पावणेचारला मुलगी झाली. वजन दोन किलो सहाशे. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, हे मी मुद्दाम लिहिते, कारण तक्रार केली की पहिले उत्तर हेच येते: ‘बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना, मग आणखी काय हवं?’ आणखी काय हवे ते सांगते. शेवटच्या कळांना एका मावशीने स्टुलावर चढून दोन्ही हातांनी तिचे पोट खाली रेटले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या आपल्या शिफारशींत अशा पोट दाबण्याला नकार दिला आहे. सरसकट प्रत्येक बाईला चिरा देण्यालाही नकार दिला आहे. भाचीला चिरा दिला आणि टाके घालताना भूल दिली नाही. ‘एवढं सोसलं, आता चार टाके सोसवत नाहीत का?’ असे तिला म्हटले गेले. प्रत्येक टाक्याला ती किंचाळली, ते मी बाहेर उभी राहून ऐकले. मी वकील आहे, कार्ड खिशात होते, पण त्या वेळी दार उघडले नाही.

मग मावशी बाहेर आल्या. ‘मुलगी झाली, तीनशे द्या. मुलगा असता तर पाचशे घेतले असते.’ वहिनीने पदराची गाठ सोडली. त्या मावशी आमच्याच वस्तीतल्या निघाल्या. मला ओळखून त्यांनी ‘जयभीम ताई’ केले आणि पैसे परत द्यायला लागल्या. मी म्हटले, आतल्या बाकीच्या बायकांचेही परत करा. त्यावर त्या गप्प झाल्या. नंतर म्हणाल्या, ठेकेदार तीन-तीन महिने पगार देत नाही. तेही खरे आहे. ठेकेदारी पद्धतीने त्यांना लुटले आणि त्यांनी वहिनीला. या साखळीत सगळ्यात खालची कडी टेबलावर पडलेली बाळंतीण आहे, तिला वसूल करायला कोणी उरत नाही. २०११ च्या १ जूनपासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. त्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण, घरून आणणे आणि घरी पोचवणे, सगळे मोफत आहे. त्याचा मोठा फलक त्याच व्हरांड्यात लावला होता आणि वहिनी त्याच फलकाखाली पैसे मोजत होती.

तिसऱ्या दिवशी सुटी मिळाली. डिस्चार्ज कार्ड वाचताना मला इंग्रजीत लिहिलेली सहा अक्षरे दिसली: पी.पी.आय.यू.सी.डी. मी भाचीला विचारले, ‘तुला तांबी बसवली का?’ ती म्हणाली, ‘नाही आत्या, कोणी काही बोललं नाही.’ बसवली होती. वार पडल्यानंतर लगेच. तिने आठवून सांगितले की, टाके चालू असताना कोणीतरी तिच्या हातात पेन दिले आणि एका कागदावर सही घेतली. कसला कागद, तेव्हा तिला कळले नाही. त्याच वेळी डॉक्टर सिस्टरला म्हणाली, ‘यांच्यात एकावर कुठे थांबतात!’

गैरसमज नको, तांबी वाईट नाही. प्रसूतीनंतर लगेच ती बसवणे ही मान्य पद्धत आहे, पाळणा लांबवायचा असेल तर उपयोगी आहे. त्याविषयीची माहिती गरोदरपणाच्या तपासणीतच द्यावी आणि संमती शांतपणे घ्यावी, अशी पद्धत ठरलेली आहे. आमच्या चळवळीला तर संततिनियमनाचे वावडे कधीच नव्हते. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या साधनांचा ठराव स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडला. त्यासाठीचे भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. ठराव मंजूर झाला नाही. पण प्रसूतीच्या कळा पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या तर त्याचे मत काय झाले असते, हा सवाल त्या भाषणाने पुरुषांनी भरलेल्या सभागृहात टाकला. त्याच्या दहा वर्षे आधी, २८ जुलै १९२८ रोजी, मुंबई कायदेमंडळात कामगार बायकांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे साऱ्या समाजाच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, अशी भूमिका बाबासाहेबांनी घेतली. मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये खाणीतल्या बायकांच्या प्रसूतिलाभाच्या कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयकही त्यांनीच मांडले. ज्यांच्या घरातली चार लेकरे गेली, रमाईने ज्यांच्या पाठीमागे ते दुःख गिळले, त्यांना बाळंतिणीचा प्रश्न कोणी शिकवायची गरज नव्हती. आपणच त्यांच्या जयंतीच्या भाषणांतून हा भाग गाळून टाकला आहे.

बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिगत आहे. त्याचे पत्र डिसेंबर १९२९ मध्ये ‘यंग इंडिया’त छापून आले होते, तेच बाबासाहेबांनी उद्धृत केले. त्याची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. म्हणून त्या ओल्या बाळंतिणीला बाळासकट वस्तीबाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. परत आला तोही त्याच वाटेने. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात पारा पाहिला आणि न्यूमोनिया सांगितला. पुन्हा तपासायला त्याने नकार दिला. दोन रुपये फी मात्र घेतली होती. बाई गेली.

ही हकिगत आपण अनेकदा वाचतो आणि म्हणतो, ते दिवस गेले. गेले हे खरेच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली. २०१८-२० च्या आकडेवारीत राज्याचा माता मृत्युदर लाखाला ३३ होता, देशाचा ९७. सरकारी दवाखान्याने आपल्या हजारो बायका वाचवल्या आहेत, आणि घरी बाळंत व्हा असे सांगणाऱ्यांपैकी मी नाही. काठेवाडच्या डॉक्टरने आमच्या बाईला हात लावला नाही. आजची डॉक्टर हात लावते, पण विचारत नाही. चिरा देताना विचारत नाही, पोटावर रेटताना विचारत नाही, तिच्या पोटात वस्तू ठेवताना विचारत नाही. आमची बाई शिवण्याजोगी झाली, विचारण्याजोगी अजून झाली नाही.

आता कायद्याचे. मी अर्ज तयार करायला बसले, तेव्हा वीस वर्षांच्या वकिलीत प्रथमच माझ्या लक्षात आले की, लेबर रूम ही कायद्याच्या दृष्टीने किती सोयीची खोली आहे. अर्थात, त्यांच्या सोयीची.

बाळंतपण मोफत होते, म्हणून ग्राहक मंचाचा रस्ता बंद. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या व्ही. पी. शांता खटल्यातील निकालाप्रमाणे सर्वांना फुकट मिळणारी सेवा त्या कायद्यात बसत नाही. म्हणजे पैसे भरून खाजगीत जाणारी बाई ग्राहक आणि सरकारीत जाणारी लाभार्थी. लाभार्थ्याने तक्रार करायची नसते.

ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम ३(१)(आर) घ्या. अपमान ‘लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी’ झालेला असावा लागतो. २००८ च्या स्वर्णसिंग निकालाने सांगितले की, इमारतीच्या आत घडले तरी गुन्हा होतो, पण तिथे बाहेरचे लोक हजर हवेत. फक्त नातेवाईक किंवा मित्र असून भागत नाही. २०२० च्या हितेश वर्मा निकालाने चार भिंतींचा मुद्दा आणखी घट्ट केला. शिवाय ‘यांच्यात’ म्हणजे कोणांच्यात? जातीचे नाव कोणी उच्चारले नाही, असे पोलीस ठाण्यातला अंमलदार मला सांगणारच. त्याला केसपेपरवरची ‘कॅटेगरी’ दाखवावी लागेल.

पण आपण एक जुना कायदा विसरलो आहोत. १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा, जो १९७६ मध्ये नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. त्याच्या कलम ५ मध्ये रुग्णालयाचा स्पष्ट उल्लेख आहे. प्रवेश नाकारणे तर गुन्हा आहेच, प्रवेश दिल्यावर आत भेदभाव करणे हाही गुन्हा आहे. आणि कलम १२ म्हणते की, पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले, असे न्यायालयाने गृहीत धरायचे. तसे नव्हते, हे समोरच्याने सिद्ध करायचे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे, तेव्हा ‘तुम्ही तर बौद्ध’ ही पळवाटही नाही. शिक्षा लहान आहे, एक ते सहा महिने आणि जास्तीत जास्त पाचशे रुपये दंड. म्हणून आम्ही वकील त्याच्याकडे पाहत नाही. कलम १२ चे वजन मात्र शिक्षेहून मोठे आहे. संमतीविषयी २००८ चा समीरा कोहली निकाल आहे: संमती समजून दिलेली असली पाहिजे, आणि एका उपचाराची संमती दुसऱ्याला चालत नाही.

हे सगळे असूनही प्रश्न उरतो साक्षीदाराचा, आणि तो दारापाशी येऊन थांबतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी एका सोबतिणीला आत राहू देण्याचे ठरवले. बाळंतपण अनुभवलेली बाई असेल तर उत्तम, तिला संसर्गजन्य रोग नसावा, तिने उपचारात ढवळाढवळ करू नये, अशा अटी. २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही सोबतिणीचा आग्रह आहे. म्हणजे वहिनीला दारातून परत लावणेच चुकीचे होते, आणि ते मला त्या रात्री ठाऊक नव्हते. वकील असून ठाऊक नव्हते.

याची एक गंमत पाहा. आपली सोबतीण नातेवाईक, तेव्हा स्वर्णसिंगच्या कसोटीवर तिची एकटीची हजेरी अपुरी. पण शेजारच्या खाटेवरच्या बाईची सोबतीण ही बाहेरची व्यक्ती. पाच बायकांजवळ पाच सोबतिणी बसल्या, तर ती खोली आपोआप लोकांच्या नजरेतली होते. त्या ऊसतोड बाईसाठी माझी वहिनी साक्षीदार झाली असती, आणि तिची कोणी असती तर ती आमच्यासाठी. पडदे मात्र हवेत, बाईची अब्रू झाकण्यासाठी. डॉक्टरची जीभ झाकण्यासाठी नव्हेत.

मी अधीक्षकांना भेटले. माणूस सभ्य. चहा मागवला, ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही ओळख आधीच सांगायला हवी होती.’ मनापासून म्हणाले. मी म्हटले, साहेब, ओळख सांगितली होती म्हणून मला खुर्ची मिळाली, ज्यांना ओळख नाही त्यांचे काय? त्यावर त्यांनी जागा रिक्त असल्याचे सांगितले. जागा रिक्त असतील. एका सिस्टरवर पाच बायका हा त्या सिस्टरवरही अन्यायच आहे. पण रिक्त जागेने फटका मारला नाही आणि रिक्त जागेने ‘यांच्यात’ म्हटले नाही.

आपल्याविषयीही बोलले पाहिजे. पुतळ्याची विटंबना झाली की एका तासात आपण चौकात असतो, आणि असलेच पाहिजे. पण वस्तीतल्या किती बायका थोबाडीत खाऊन बाळंत झाल्या, याची मोजदाद एकाही तालुका शाखेकडे नाही. पुरुष कार्यकर्त्यांना हा विषय बायकी वाटतो. बायकांना तो सांगण्याजोगा वाटत नाही. मी विहारातल्या महिला मंडळात ही गोष्ट सांगितली, तेव्हा आधी सगळ्या गप्प होत्या. मग साठीच्या एक उपासिका म्हणाल्या, ‘मला तर तिघांच्याही वेळी मारलं.’ आणि मग दोन तास बैठक संपेना. त्यातल्या सहा जणींनी आता पाळ्या लावून घेतल्या आहेत. वस्तीतली बाई दवाखान्यात गेली की सोबतीला एक जण जाते, पिशवीत २०१६ च्या सूचनेची प्रत घेऊन. आतापर्यंत दोनदा आत घेतले, एकदा परत पाठवले.

भाची सुरुवातीला तक्रारीला तयार नव्हती. ‘आत्या, दीड महिन्यानं बाळाला डोस द्यायला तिथंच जायचंय,’ म्हणाली. तिचे चुकले, असे मी म्हणू शकत नाही. मी तांबी काढून घेऊ का, असे विचारले, तर म्हणाली, ‘राहू दे. मला इतक्यात दुसरं नकोच होतं. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. पण विचारलं नाही ना.’ हेच वाक्य मी अर्जात जसेच्या तसे घातले. तिने ते वाचले आणि सही केली.

२००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत रुग्णाला त्याचे कागद मिळायला हवेत. आम्हाला माहिती अधिकारात अर्ज करावा लागला. प्रत परवा हाती आली, एकूण अकरा पाने. कळांची आणि बाळाच्या ठोक्यांची नोंद करायचा तक्ता कोरा आहे. तांबी बसवल्याची वेळ पहाटे ३.५५ लिहिली आहे. संमतीपत्रावर भाचीची सही आहे आणि सहीखाली सिस्टरच्या अक्षरात वेळ आहे, ४.१०.